बायनाबाईचा बोल

हल्ली माणसं स्वतःला शोधायला निघतात म्हणे. शिबिरांना जातात, डोळे मिटून बसतात आणि आठ दिवसांनी ताजीतवानी होऊन परत येतात. येऊन सांगतात, मी मला सापडलो. मला या लोकांचा राग येत नाही, हसू मात्र येतं. माझी थोरली वहिनी बायनाबाई स्वतःला सापडली ती वालूरच्या भर बाजारात, आणि सापडली तेव्हा तिच्या पायांतलं बळच गेलं. मी तिला दंडाला धरून लिंबाखाली बसवलं. पुढचे दोन महिने तिला घास गोड लागला नाही.

हे मी सांगतो, कारण तिच्या अंगात देवी यायची तेव्हा ढोल मी वाजवायचो. म्हणजे जे झालं त्यात मीही आहे. ते आधीच कबूल केलेलं बरं.

आमची वस्ती चारठाण्याच्या वरच्या माळावर. वीस-बावीस घरं, सगळे मेंढपाळ धनगर. कुणाकडे दोन-चार एकर बरड जमीन, बाकी मेंढरं, घोंगड्या आणि सुगीत दुसऱ्याच्या रानात मजुरी. बायनाबाई वालूरची लेक. नवव्या वर्षी लग्न होऊन माझ्या थोरल्या भावाच्या, ग्यानबाच्या घरात आली. मूल झालं नाही. वाट बघून झाली, नवस करून झाले, आणि मग वस्तीनं तिला जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. बारशाला बोलावणं नाही, कुणाच्या ओटीभरणाला हाक नाही. आमची आई बानूबाई तर तिला ‘ए’ करूनच बोलवायची. आई माझी होती, पण खरं ते सांगायला पाहिजे.

आमच्या घरात मेसाईचं झाड होतं. झाड म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो ते माणूस. आमच्याकडे तसंच म्हणतात. माळाच्या टोकाला मेसाईचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देवीचा दगड, आहे. त्याच्यासमोर झाडाला बसवायचं, ऊद जाळायचा, ढोल धरायचा. झाड घुमायला लागलं की देवी बोलते, आणि देवी बोलली की फैसला झाला. आमची आई हे झाड होती. ती वारली. तेराव्याला तांदळ्यासमोर ढोल वाजला, देवी आता कुणाच्या अंगात जाते म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत होते, आणि घुमायला लागली ती बायनाबाई. मागे उभी होती, हातात खरकट्या भांड्यांची पाटी. पाटी पडली आणि केस सुटले.

त्या दिवसापासून ‘ए’ गेलं आणि ‘आई’ आलं. पन्नाशीचे बाप्ये तिच्या पायावर डोकं ठेवायला लागले. ग्यानबा तिला विचारल्याशिवाय कळप हलवेना. तिला ते आवडलं का, असं कुणी विचारलं नाही. आवडलंच असणार, माणूसच होती ती.

एक रिवाज मात्र सांगायला हवा, कारण सगळं त्यावर आहे. झाड भानावर आलं की त्याला हळदीच्या पाण्यानं चूळ भरायला द्यायची, आणि ते काय बोललं ते त्याला कधीच सांगायचं नाही. सांगितलं तर देवी रुसते, पुन्हा येत नाही. त्यामुळे वस्तीतल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक, ते बायनाबाईला ठाऊक नसायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोल देवीचा, झाडाचा काय संबंध?

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा वाईट गेला. रझाकारांच्या भीतीनं रात्रीचा दिवा लावायची सोय नव्हती, त्यात वस्तीत पोरांना ताप आला. आठ दिवसांत तीन पोरं गेली. वस्तीचा कारभारी भुजंग. त्यानं सांगितलं, आईला बसवा. मी सतरा वर्षांचा होतो, ढोल नुकताच माझ्या गळ्यात आला होता आणि मला त्याचा फार तोरा होता. देवी आली. घुमत घुमत गेली आणि कडूबाईसमोर उभी राहिली.

कडूबाई आमच्या चुलतभावाची विधवा, पदरात दोन वर्षांची लेक. ग्यानबा तिच्याशी पाट लावणार अशी कुजबुज त्या वर्षी वस्तीत होती. बायनाबाईच्या कानावरही आलीच असेल, पण तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. देवीनं बोट दाखवलं, चार शब्द बोलली, संपलं. देवीनं ज्याला दाखवलं त्यानंच रोगराई आणली असं धरायचं, आणि त्यानं दिवेलागणीच्या आत वस्ती सोडायची. बाई असली तर लेकरं ठेवून जायची, ती नवऱ्याच्या वंशाची. कडूबाईनं ते ऐकलं नाही. लेक काखेत मारली आणि उतारावरून पळत सुटली.

बायनाबाई भानावर आली, चूळ भरली, आणि संध्याकाळी विचारायला लागली, कडू दिसंना कुठं? माहेरी गेली, असं आम्ही सांगितलं. तिनं मान हलवली आणि भाकरी थापायला बसली.

कडूबाई गेली म्हणून बायनाबाईचा संसार वाचला असंही नाही. पुढच्या वर्षी ग्यानबानं मनकर्णाबाई करून आणली, बायनाबाईच्या निम्म्या वयाची. तिला दोन पोरी झाल्या. त्या पोरींचं न्हाणं, वेणीफणी, भरवणं सगळं बायनाबाई करायची. मनकर्णा गरीब स्वभावाची. ती हिला ‘आई’च म्हणायची आणि चार पावलं दूर बसायची. एकाच घरात आठ वर्षं दोघी अशाच राहिल्या. तेवढ्यात निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, मग आम्ही मुंबई राज्यात आहोत असं चावडीवर वाचून दाखवलं. मुंबई आमच्यातल्या कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे कुणाला काही फरक पडला नाही.

सत्तावन्न सालच्या ज्येष्ठात मी आणि बायनाबाई घोंगड्या घेऊन वालूरच्या बाजाराला गेलो. तिच्या भावाकडे मुक्काम. बाजारात गवऱ्यांचा ढीग लावून कडूबाई बसली होती. अंगावर नुसती हाडं राहिली होती. मी ओळखलंच नसतं. वहिनीनं ओळखलं, आणि काय सांगू, तिला मनापासून आनंद झाला.

“कडे, तू? अगं किती वर्सांनी दिसायलीस! माहेरी गेलीस ती तिकडचीच झालीस व्हय गं?”

कडूबाई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं आता काय होणार.

“कडूवैनी, नगा,” मी म्हणालो. “झाडाला सांगत नसतेत.”

“सांगनार. माजी पोर वाटंतच तापानं गेली. आता मला कुनाच्या देवीचं भ्याव हाय?” ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. “मी न्हाई गेले, बायने. तू काढलंस मला. घुमत माज्यासमोर आलीस अन् मनलीस, ‘चुलीपाशी हात शेकायला बसलेली मांजर आदी भाईर काढा. दूध नासायच्या आदी काढा.’ असं मनलीस. इतक्या वर्सांत मी एक अक्षर इसरले न्हाई.”

वहिनीचा चेहरा मी तेव्हा बघितला तो अजून डोळ्यांसमोर आहे. दुःख नव्हतं त्यावर, अजून नव्हतं. घाबरली होती ती. मग मी तिला लिंबाखाली नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेला लागलो. कोसभर चालून गेल्यावर ती थांबली.

“किशन, ती मांजर माजी हाय.”

“मनजे?”

“ते शब्द माजे हैत. त्या सालात एक दिस पहाटं दळायलते. एकटीच व्हते. तुज्या भावाचं अन् कडूचं आयकलं व्हतं, अन् जात्यावर बसून मी ते मनले. मांजर, चूल, दूध, सगळं. कुनीसुद्धा नव्हतं तिथं. मेसाईला कसं कळलं?”

मी म्हणालो, देवीला सगळं कळतं. तेवढीच माझी अक्कल.

“कळू दे की. पर ती माज्याच शब्दांत कामून बोलंल?” ती वाटेच्या कडेला खाली बसली. “आता तू सांग. मी काय काय बोलले ते सगळं सांग.”

मी नाही म्हणालो. रिवाज मोडायची भीती वाटत होती, आणि खरं म्हणजे तिचीही. ती म्हणाली, सांगितल्याशिवाय मी इथून उठत नाही. तिचा हट्टी स्वभाव मला तोवर माहीतच नव्हता. ‘आई’च्या आधी तिच्यात एक बाई होती, हे आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं. शेवटी मी सांगायला लागलो. चालता चालता दहा वर्षांचे बोल एकेक करून आठवले. ती ऐकायची आणि म्हणायची, “हे माजं.” पुन्हा ऐकायची. “हे बी माजं. भुजंगाच्या बायकूनं मला बारशातून उठवलं व्हतं, त्याचं हे.” कुणाचा बैल कुठं सापडेल, कुणाच्या सुनेला का त्रास आहे, कुणी कुणाची माफी मागावी, एकेका बोलामागे तिची कधीची तरी गिळलेली गोष्ट निघत होती. त्या बोलांवर आमच्या वस्तीतली लग्नं मोडली होती आणि जुळली होती.

मग मी त्या अठ्ठेचाळीस सालातलाच एक बोल सांगितला. आज माळ सोडा, डोंगराच्या घळीत जा, असं देवी म्हणाली होती. आम्ही गेलो आणि दुसऱ्या दिवशी वस्तीवर रझाकारांची धाड आली.

“हे माजं न्हाई,” ती म्हणाली. “मला काय म्हाईत ते येनार मनून?” थोडं चालून पुन्हा म्हणाली, “असंल बी. लय भ्याले व्हते मी. भ्यालेल्या मानसाला दुरून आयकू येतं.”

ती देवीला खोटं म्हणाली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पुढे मला शिकलेली माणसं भेटली, त्यांनी या गोष्टीला ढोंग म्हटलं, भ्रम म्हटलं. त्यांनी ते पाच मिनिटांत म्हटलं. बायनाबाईला त्या प्रश्नाशी झुंजायला लागलं, कारण तिच्या तोंडानं एक लेकरू मेलं होतं. घराजवळ आलो तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, की ती खरी आहे का खोटी मला कळत नाही, पण तिच्या हाताला जे लागतं ते माझ्या घरातलं असतं, आणि माझ्या घरात काय काय साठलंय ते मी कधी बघितलंच नाही.

आषाढात मेंढरं पडायला लागली. सकाळी धडधाकट सोडलेलं जनावर दुपारी पोट फुगून पाय झाडायचं आणि संपायचं. दहा दिवसांत साठेक मेंढरं गेली. ग्यानबाची अठरा गेली. आणि मनकर्णेनं माहेरहून आणलेली नऊ मेंढरं होती, ती वेगळ्या कुडाच्या वाड्यात बांधायची. त्यांतलं एकही पडलं नाही. आधी बायका बोलल्या, मग बाप्ये. मनकर्णा पाणवठ्यावर गेली की बाकीच्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या. भुजंग घरी आला आणि म्हणाला, मंगळवारी आईला बसवायचं.

“मी बसत न्हाई,” बायनाबाई म्हणाली.

भुजंग वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची बावीस मेंढरं मेली होती आणि डोळे तारवटले होते. तो शांतपणे म्हणाला, “आई, झाड कवाच न्हाई मनत न्हाई. झाड न्हाई मनलं तर कुनीतरी करनी करून झाड बांधलंय, असा त्याचा अर्थ हाय. अन् घरात बसून कोन बांधंल, ते मला इचारायला लावू नगा.” असं म्हणून त्यानं मनकर्णेकडे बघितलं. ती दाराआड उभी होती, धाकटी पोर कडेवर. भुजंग निघून गेला.

पेच असा पडला. बसावं, तर तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही. न बसावं, तर मनकर्णेवर शिक्का बसलाच. ते बोल देवीचे नव्हते, माझे होते, असं जाऊन सांगावं, तर तेही मनकर्णेनंच हिच्या डोक्यात भरवलं म्हणणार. कुठूनही गेलं तरी वाट त्या पोरीच्या दारात जात होती. आणि नाव निघालं की मनकर्णा दिवेलागणीच्या आत एकटी माळ उतरणार, दोन्ही पोरी घरात राहणार. कुणाच्या पदरात, हे सांगायला नको. बायनाबाईच्या.

सोमवारी दुपारी मी ओसरीवर ढोलाच्या दोऱ्या आवळत होतो. आत बायनाबाईनं मनकर्णेला हाक मारली. मला सगळं ऐकू येत होतं, आणि ते तिला माहीत होतं.

“हितं बस. जवळ बस. माज्या पोटात तुज्याबद्दल काय हाय ते तुला सांगायचंय. आदी आयकून घे, मग रड.”

बांगड्या वाजल्या; मनकर्णा बसली असावी.

“मला तुजं वाईट व्हावं वाटतं. तू उंबरा वलांडलास त्या दिसापासून वाटतं. तू मेलीस, पळून गेलीस, कायबी झालं, तर पोरी माज्या व्हतील, हे रोज माज्या मनात येतं. मी त्यांचे केस इंचरते तवा बी येतं. मी ते कवा स्वतःला बी सांगितलं न्हाई. आता सांगायले, तुला.”

धाकटीची बडबड चालूच होती. मग मनकर्णा म्हणाली, “अन् उद्या?”

“उद्या ढोल वाजंल. ती येईल. तिच्या हाताला पयलं तुजंच नाव लागंल. वरच ठिवलंय मी ते.”

“आई, माज्या पोरी...” एवढंच मनकर्णा म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. बायनाबाईनं तिची समजूत काढली नाही. काय म्हणून काढणार? थोड्या वेळानं ती बाहेर आली. मी ढोल बाजूला ठेवला.

“वैनी,” मी हळूच म्हणालो, “मी उद्या चाल चुकवतो. ठेका तुटला तर ती यायची न्हाई. कुनाला कळनार न्हाई.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली.

“वाजवायचं तर धड वाजव. अर्धवट वाजवलंस तर ती अर्धवट येईल, अन् मला दिसायची न्हाई. आजवर मी झोपीत व्हते, मनून तिनं माजं घर धुंडाळलं. उद्या मला जागं ऱ्हायचंय. जमतंय का बगू.”

“न्हाई जमलं तर?”

“तर मी अजून एक मानूस मारलं,” ती म्हणाली आणि सरपण आणायला गेली.

मंगळवारी उन्हं वर आली तेव्हा सगळी वस्ती तांदळ्यासमोर होती. बाप्ये एका अंगाला, बायका एका अंगाला. मनकर्णा दोन्ही पोरींना घेऊन उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. ग्यानबा खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत बसला होता. माझा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी मला त्याची किळस आली. दोन बायकांचा धनी, आणि तोंडातून शब्द निघेना.

बायनाबाई पाटावर बसली. ऊद टाकला. मी ढोल धरला आणि धड वाजवला, जसा कधी वाजवला नव्हता तसा. पहिल्या चालीला ती नुसती बसून होती. दुसऱ्या चालीला मान हलायला लागली. मी बघत होतो तिच्या डोळ्यांकडे. एरवी या वेळेला ते मिटायचे. आज उघडे होते, नुसते उघडे नाही, ताणून उघडे ठेवलेले, आणि त्यांतून पाणी वाहत होतं. तिसऱ्या चालीला केस सुटले आणि ती उभी राहिली.

देवी आलीय यात मला शंका राहिली नाही. तो हुंकार मी दहा वर्षं ऐकला होता. बायकांनी हात जोडले, आणि बायनाबाई घुमत घुमत बाप्यांकडे न जाता सरळ बायकांच्या अंगाला गेली. मनकर्णेच्या पुढ्यात थांबली. थोरल्या पोरीनं आईच्या लुगड्यात तोंड लपवलं. माझा हात ढोलावर चालू होता; थांबवावा असं मनात आलं, पण धड वाजव म्हणाली होती.

“कोन हाय, आई?” भुजंग ओरडला. “नाव सांग!”

बायनाबाईचे ओठ मिटले. मिटलेल्या ओठांतून घुमल्यासारखा आवाज यायला लागला आणि सगळ्या वस्तीनं तो ऐकला. मनकर्णेनं डोळे मिटले. बायनाबाईचं सगळं अंग पुढे झुकत होतं आणि पाय मात्र मागे रेटत होते. हात वर आला, बोट सुटलं, मनकर्णेच्या कपाळापासून वीतभर. मग जबडा आवळला. हनुवटीवरून रक्ताची धार खाली आली. ते बोट इंच इंच वळायला लागलं. जात्याचा खुंटा एकटीनं ओढावा तसं ती ते ओढत होती. वळलं, आणि तिच्याच छातीला लागलं.

“बायना,” ती म्हणाली.

मी ढोल थांबवला. थांबवला म्हणण्यापेक्षा हात उठेना.

“कोन?” भुजंगानं विचारलं.

“बायना. ग्यानबाची थोरली. कडूबाई बेकसूर व्हती. बायनाच्या पोटातल्या इखानं तिला काढलं. ही पोर बी बेकसूर हाय. आता बायनाला काढा.”

तो आवाज देवीचा होता का तिचा, हे त्या दिवशी तिथल्या एकालाही सांगता आलं नसतं. मी सगळ्यांत जवळ होतो, मलाही नाही. कुणी हललं नाही. हळदीचं पाणी घेऊन उभी असलेली बाई तशीच उभी राहिली. बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं, केस बांधले आणि घराकडे चालायला लागली.

भुजंगाची फार पंचाईत झाली. देवीनं आपल्याच झाडाचं नाव घ्यावं, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारे म्हणाले, पुन्हा विचारा. पण विचारायचं कुणाला? जिला विचारायचं ती घरात लुगडी बांधत होती. मनकर्णा तिच्या मागे धावली, दारात आडवी उभी राहिली, जाऊ नका म्हणाली. बायनाबाई तिला म्हणाली, “सर बाजूला. मी थांबले तर परवा कुनाला तरी माजा बोल पुन्ना पायजे व्हईल.” पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाली. मी बोचकं घेऊन वालूरपर्यंत सोबत गेलो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही; जीभ सुजली होती.

मेंढरं पुढेही चार दिवस मरतच राहिली. मग जिंतूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, भुकेली मेंढरं भल्या पहाटे कोवळ्या गवतावर सोडता, ती अधाशासारखी खातात आणि पोटात विष होतं. उन्हं चढल्यावर सोडा. मनकर्णेची धाकटी त्या महिन्यात खोकल्यानं हैराण होती, म्हणून ती आपली नऊ मेंढरं उशिरा सोडायची. एवढंच होतं. हे ऐकून भुजंग बांधावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

त्यानंतर मी ढोल गळ्यात घातला नाही. वर्षभरानं परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलो. साठ साली महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात वालूरला जाऊन वहिनीला भेटलो. भावाच्या घरामागे तिचं खोपटं होतं. लोकर कातायची, घोंगड्या विणायची, निंदणी-खुरपणीला जायची. लोक तिला बायनाबाई म्हणत, आणि तशा हाकेला ती चटकन ओ देई. तिच्याकडे कुणी काही विचारायला येत नव्हतं. तब्येत सुधारली होती. मनकर्णेच्या पोरी सुगीला येऊन राहून गेल्याचं तिनं सांगितलं, आणि सांगताना उगाच बाहेर बघितलं.

“कडूवैनी?” मी विचारलं.

“ती न्हाई बोलत. मी गेलते तिच्या दारात, माजं सगळं सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. बरूबर हाय तिचं. मी माफी मिळावी मनून थोडीच सांगितलं?” ती सूत ओढत राहिली.

“अन् मेसाई? येती का आता?”

“येती की. कवा निंदताना, कवा आसंच बसल्यावर. ढोल लागत न्हाई. मी तिला बस मनते. तिला काय दिसलं ते इचारते, मला काय दिसलं ते सांगते. पयलं मी तिला भ्यायचे, न्हाईतर तिच्यामागं लपायचे. आता तसं व्हत न्हाई.”

मला तीन वर्षं एक प्रश्न खात होता. तो विचारावा का, ते कळत नव्हतं, शेवटी विचारलाच.

“वैनी, त्या दिशी खरंच ती आलती का? का तुमीच...”

“आलती. तू काय धड वाजवलं नव्हतंस व्हय?”

“मग तिनं तुमचं नाव घेतलं?”

बायनाबाईनं सूत कातायची चाती खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“तिनं मनकर्णेचंच आनलं व्हतं, किशन. जिभेच्या शेंड्यावर आनून ठिवलं व्हतं. मी ते दातात धरलं. माजं नाव मी घेतलं.”